सोबत आलेले काका

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री अडीचला जा. पेशंट बदलतो, डॉक्टर बदलतो, सोबत आलेले काका मात्र तेच असतात. पेशंटशी त्यांचं सख्खं नातं नसतं, बहुतेकदा ते खालच्या मजल्यावरचे. पण रिक्षा त्यांनी अडवलेली असते, म्हणून सगळा अधिकार त्यांचा. खाली बर्म्युडा, वर इस्त्रीचा शर्ट (पेन अडकवायला खिसा हवा ना!) आणि हातात औषधांची प्लास्टिकची पिशवी.

डॉक्टरने पेशंटला ‘काय होतंय?’ विचारलं की काका सांगतात, ‘संध्याकाळपासून पाच जुलाब. वीकनेस आलाय. एक सलाईन लावून टाका.’ निदान झालं, उपचारही ठरले. उरलं काय, तर सुई टोचणं.

अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. उलटी थांबत नसेल, बीपी उतरलं असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण काकांच्या लेखी जे वरून लटकतं तेच औषध. त्यातही पिवळी बाटली श्रेष्ठ. सलाईनमध्ये व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलं की ती पिवळी दिसते, एवढीच त्यातली जादू. तरी शेजारच्या खाटेवर पिवळी दिसली की काका उठतात. ‘आमच्याला पांढरीच का?’

पिशवीत अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे सांगणारी पट्टीवरची लाल रेघ. तिच्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये मोहीमही काढली. काकांनी अर्थ लावला : लाल रेघ म्हणजे भारीतली गोळी. 2014 पासून काही अँटिबायोटिक्स विकताना केमिस्टला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं. काकांच्या पेशंटचं नाव त्या वहीत सापडायचं नाही, कारण गोळी पिशवीतून येते. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुधा ती लागतही नाही, पण हे काकांना सांगणार कोण? समजावायला दहा मिनिटं लागतात, सलाईन लावायला दोन, आणि मागे रांग उभी. शिवाय रात्री अडीचला आवाज चढायला वेळ लागत नाही. म्हणून कित्येकदा पेशंटच्या पोटात काय चाललंय यापेक्षा काकांच्या मनात काय आहे, ते पाहून कागद लिहिला जातो. दोष एकट्या डॉक्टरचा म्हणवत नाही.

एका रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने मात्र पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, बीपी घेतलं आणि ओआरएसचं पाकीट पुढे केलं.

‘एवढंच? हे तर घरीच दिलं असतं!’

‘द्यायलाच हवं होतं.’

काकांनी हुकमी पत्ता टाकला. ‘मग कळव्याला हलवतो. नाहीतर थेट सायनला!’

ती वाद घालत बसली नाही. तिने चमचा काकांच्या हातात दिला. ‘घोट घोट पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू. तुम्हीच करा, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.’

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी असंच सोबतच्या नातेवाइकांच्या हाती सोपवलं होतं. त्या नातेवाइकांच्या हातून हजारो माणसं वाचली. सोबत आलेल्या माणसाला काम हवं असतं, ते बनगावात कळलं होतं.

काकांनी आधी ‘नारिंगी रंगाचं नाही का?’ अशी चौकशी केली, मग घड्याळ लावून बसले. पहाटे पेशंटला भूक लागली, तो ‘घरी जाऊ या’ म्हणू लागला. डॉक्टरने कागदावर सही केली. काकांनी सोडलं नाही. ओआरएसच्या बाटलीत पाव लिटर उरलं होतं.

‘गप पी,’ ते म्हणाले. ‘कोर्स अर्धवट सोडायचा नसतो.’