तांदूळ वाढलेत

गेल्या नोव्हेंबरात माझी आई पाऊण तास मेलेली होती. तिला स्वतःला ते जाणवलं नाही, कारण त्या वेळी ती केंद्रातल्या मुलाला पंखा जरा हळू करायला सांगत होती.

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. आपण अजून आहोत, हे वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी त्यासाठी बँकेत जायचं. काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघायचा, “या काकू, गुडघा काय म्हणतोय?” एवढं विचारायचा आणि शिक्का मारायचा. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून जिवंत माणूस चालून जायचा, असा तो ढिसाळ काळ होता. २०१४ च्या नोव्हेंबरात हा दाखला अंगठ्यावर मिळण्याची सोय झाली. बँकेत खेपा घालायला नकोत, रांग नको. फक्त अंगठा हवा.

आईकडे अंगठे दोन आहेत. दोन्ही घेऊन आम्ही डोंबिवली पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका केंद्रात गेलो.

“आजी, अंगठा ठेवा.” ठेवला. यंत्राला पटलं नाही. “पदराला पुसा.” पुसला. “आता कपाळाला घासा, जरा तेल लागतं.” घासला. रांगेतल्या एका अनुभवी आजोबांनी खिशातून कोल्ड क्रीमची चपटी डबी काढून पुढे केली. ते म्हणे दर नोव्हेंबरला ती बरोबर घेऊनच निघतात. क्रीम झालं, डावा झाला, उजवा झाला, मग एकेक करत दहाही बोटं झाली.

“आजी, रेषाच गेल्यात तुमच्या,” मुलगा म्हणाला.

“जाणारच. पन्नास वर्षं नारळ खवलेत आणि राखेनं भांडी घासलीत. कुठे गेल्या ते मला ठाऊक आहे, तू शोधू नकोस.”

शेवटी मुलाने मोबाइल काढला. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. कॅमेरा आईच्या तोंडासमोर धरून तो म्हणाला, “आजी, डोळे मिचकवा.”

आईने माझ्याकडे बघितलं. “ह्याला?”

समोर फोटो नसून माणूस आहे, हे यंत्राला त्यावरून कळतं, असं मी समजावलं. मग तिने पदर सारखा केला आणि रीतसर मिचकवले. हिरवी खूण उमटली. आई आणखी एका वर्षासाठी हयात झाली.

येत्या वीस-पंचवीस वर्षांत तंत्रज्ञान आपलं रोजचं जगणं कसं पालटून टाकणार, यावर रविवारच्या पुरवण्यांत हल्ली पुष्कळ येतं. फ्रीज स्वतः दूध मागवणार, दार आपल्याला ओळखणार, स्वयंपाकघर आपलं आपण रांधणार आणि माणसाकडे वेळच वेळ उरणार. वेळेचं हे आश्वासन तसं जुनं आहे. जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्येच लिहून ठेवलं होतं की शंभर वर्षांनी आपली नातवंडं आठवड्याला १५ तास काम करतील. २०३० आता दाराशी आलं आहे. केन्ससाहेबांचा आकडा चुकला असं मला वाटत नाही. डोंबिवलीहून मुंबईला कामाला जाणारा माणूस दारापासून दारापर्यंत दीड तास धरला, तर पाच दिवसांत जाऊन-येऊन बरोबर १५ तास लोकलमध्ये लोंबकळतो. काम वेगळं.

पण मला काळजी वेळेची नाही, कानांची आहे. कारण हे पुढचं घर ऐकणारं असणार आहे.

यंत्राला कान फुटून तशी बरीच वर्षं झाली. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ‘ऑड्री’ नावाचं एक यंत्र होतं. शून्य ते नऊ एवढे आकडे त्याला ऐकून ओळखता यायचे, तेही ओळखीचा आवाज असेल तरच. आपल्याकडे सत्तर वर्षांनंतरही घरातली निम्मी माणसं एवढ्यावरच आहेत, तो भाग सोडा. आता यंत्रं मराठीही बरी ऐकतात. मराठी ही ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा, शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात. तेव्हा यंत्रांनीही आदबीनेच वागायला हवं.

तशी ती वागतातही. माझ्या मुलीने घरात तसला एक ऐकणारा डबा आणून ठेवलाय. दाखल्याच्याच दिवशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, तांदूळ वाढलेत!” मी पिशवी शोधायला लागलो. डबा म्हणाला, “अरे वा, छान!”

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. यंत्राला मराठी येत होतं, तेच तर वाईट होतं. आमच्या घरात वस्तू संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. वाईट गोष्ट तोंडातून निघता कामा नये, म्हणून आमच्या शंभर पिढ्यांनी भाषेला उलटं चालायला शिकवलं. आणि आता सुलट ऐकणारा प्राणी आम्ही हप्त्यांवर घरात आणतो आहोत.

२०४७ साली देश विकसित व्हायचा आहे. मी तेव्हा साधारण आईच्या आजच्या वयाचा असेन. आई तेव्हाही असावी अशी माझी इच्छा आहे, पण नसलीच तरी तिची भाषा वारशाने माझ्याकडे आलेली आहे, आणि वारसाहक्काच्या बाकी गोष्टींसारखी ती मला नडणार आहे.

सकाळी सहाला मी म्हणेन, “चहा टाक.” ओट्यावरचा यांत्रिक हात चहाचा डबा उचलेल आणि नेमाने कचऱ्यात रिता करेल. मी घाईने म्हणेन, “अरे, ठेव, ठेव!” तो रिकामा डबा फडताळात ठेवेल. टाकणं आणि ठेवणं जगात इतरत्र वेगवेगळं असतं, चहाच्या बाबतीत एकच, हे त्याला मी सकाळी सहाला, चहा न पिता, कसं समजावू?

मग तांदूळ. डब्याखाली वजनकाटा असेल आणि भिंतीत कान असेल. काटा सांगेल शून्य, कान सांगेल वाढलेत. घरातल्या दोन खात्यांत मतभेद झाला की काय होतं ते सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. भिंतीवर पत्र उमटेल: “साठा शून्य असताना मालकांनी वाढ कळवली आहे. तफावतीचा खुलासा तीन दिवसांत करावा. तोवर खरेदी स्थगित.” यंत्र आलं की कारकून जाईल असं आपल्याला वाटलं होतं. कारकून कुठेही गेलेला नाही, त्याची बदली आपल्या स्वयंपाकघरात झाली आहे. आणि आता त्याला चहा पाजून सरळ करता येत नाही.

“पावणेदोनला जेवू,” असं मी सहज बोलून जाईन आणि पाव्हणे दोन समजून घर चौघांचा स्वयंपाक करेल, वर चांगली ताटं काढेल. “नारळ वाढव” म्हटलं की दुपारी दारात अकरा नारळ येतील. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत प्रत्येक सभासदाला संमती विचारली जाईल. यंत्राला हो किंवा नाही हवं असेल, आणि आमच्या इमारतीत हे दोन्ही शब्द कोणी कधी उच्चारलेले नाहीत. आम्ही सगळे “बघू” म्हणू, आणि बत्तीस घरांतले कॅमेरे एकदम सुरू होतील.

संध्याकाळी देवळात जायला निघालो की दारात मी म्हणेन, “येतो गं.” दाराला वाटेल मालक आले. दिवे लागतील, पंखा लागेल, गिझरचं पाणी तापेल. दोन तासांनी परत येईन तेव्हा घर रिकाम्या खोल्यांना तिसऱ्यांदा विचारत असेल, “साखर किती?”

इथवर सगळं वीजबिलावर निभावेल. खरी भीती दुधाची आहे.

विज्ञान कितीही पुढे गेलं तरी दूध उतू जायचं राहणार नाही. ते गॅसवर जातं, इंडक्शनवर जातं, २०४७ मध्ये ज्याच्यावर ठेवतील त्याच्यावरही जाईल, आणि तेही आपण पाठ फिरवल्याच क्षणी. दूध उतू गेलं की मराठी बाई काय म्हणते? तांदूळ संपले म्हणायला जिची जीभ रेटत नाही, वातीलासुद्धा जी विझली म्हणत नाही, तीच बाई पाव लिटर दुधासाठी बेधडक म्हणते, “मेले गं बाई!” तांदळाच्या आयुष्याची एवढी फिकीर आणि स्वतःच्या आयुष्याची काडीची नाही, हे कोडं मला माझ्या घरातल्या कुठल्याच पिढीने उलगडून दिलेलं नाही.

बायको ते म्हणेल. घर ऐकेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी असा आपल्याकडे कायदा आहे. घर ती २१ सेकंदांत करेल. पालिकेला कळवून होईल, बँकेचं खातं गोठेल, पेन्शन थांबेल. मग दिवे मंद होतील आणि छतातून तो गंभीर आवाज येईल: “आपल्या दुःखात हे घर सहभागी आहे.” घर सुतकही धरेल. देवघरातला दिवा दहा दिवस लागणार नाही, गोडाचं काही शिजणार नाही. न्यू जर्सीत भाचा झोपलेला असेल, पण त्याचा फोन जागा असेल. तो परस्पर भावपूर्ण श्रद्धांजली पाठवेल. ती बघून इतरांचे फोन हात जोडतील.

आणि माझी बायको एका हाताने ओटा पुसत, दुसऱ्या हाताने स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचत म्हणेल, “अहो, तुमच्या बहिणीचं अजून काही आलं नाही.”

कागदावर मेलेल्या माणसाला परत यायला किती वेळ लागतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांना जमिनीपायी कागदोपत्री मृत दाखवलं गेलं. सरकारने त्यांना पुन्हा जिवंत मानलं ते १९९४ मध्ये. मधली वर्षं ते आपल्या नावापुढे ‘मृतक’ लावत होते. कागदावर तरी माझं नाव येऊ दे म्हणून निवडणुकीलाही उभे राहिले होते. पण त्यांना मारायला निदान लोभी नातेवाईक लागले, दप्तर हाताळणारा माणूस लागला, जमीन लागली. आमच्याकडे पाव लिटर दूध पुरेल.

दाद कुठे मागायची म्हटलं, तर तक्रार आवाजावरून घेणार. बायको तावातावाने सांगायला लागेल आणि पलीकडून शांतपणे उत्तर येईल: “मृत व्यक्तीचं निवेदन ग्राह्य धरता येत नाही. कृपया वारसांना बोलवा.” वारस म्हणजे मी. मी म्हणेन, “अहो, ती इथे माझ्यासमोर उभी आहे, माझं डोकं खातेय!” आणि मग काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मला त्या रात्री झोप आली नव्हती.

यावर आमच्या मुलीचं म्हणणं, की बाबा, तुम्ही उगाच घाबरता. यंत्रं शिकतात. वाढलेत म्हणजे संपलेत हे तुम्ही चार वेळा सांगितलंत की त्यांना कळेल. मला हे शक्य वाटतं. पण गॅसवाला, बँक, लिफ्ट आणि औषधाचं दुकान या सगळ्यांच्या यंत्रांना चार-चार वेळा सांगत बसण्यापेक्षा माणूस “तांदूळ संपले” म्हणून मोकळा होईल, हे मला जास्त शक्य वाटतं. अंगठ्याचं नाही का आम्ही केलं? यंत्राला अंगठा कळला नाही, तेव्हा यंत्र कोणी घासलं नाही. आईच कपाळाला अंगठा घासत होती.

तिचं एक सांगायचं राहिलं. हिरवी खूण उमटल्यावर मुलाने पावती छापली, मी पैसे दिले, आईने पावती दोनदा घडी घालून बटव्यात ठेवली. मुलगा वागायला चांगला होता, जवळच कुठे राहणारा, बोलणं अगदी आपल्यातलं. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाली, “येते रे बाळा.”

त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली.

“आता कशाला येताय आजी? झालं की तुमचं काम. पुढच्या नोव्हेंबरला या.”