चुकीच्या गळ्यातली माळ

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर सर्वांत कमी लायकीच्या कोणत्या चित्रपटाला मिळाले, हा वाद खुद्द ऑस्करपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान आहे. १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिला सोहळा झाला, तेव्हा भांडणाला जागाच ठेवलेली नव्हती. निकाल तीन महिने आधी जाहीर झाले होते, बक्षीसवाटप पंधरा मिनिटांत आटोपले आणि मुख्य म्हणजे सर्वोच्च मान एक नव्हे, दोन होते. 'विंग्ज'ला उत्कृष्ट चित्रपटाचा आणि 'सनराइज'ला आगळ्या, कलात्मक निर्मितीचा. एक लोकांच्या पसंतीचा, दुसरा जाणकारांच्या. पुढच्याच वर्षी अकादमीने दुसरा मान मोडीत काढला. लोकांना आवडणारा आणि जाणकारांना आवडणारा चित्रपट एकच असतो, असे तिने धरून चालायचे ठरवले, आणि जगभरच्या चित्रपटप्रेमींना कायमचे काम मिळाले.

या नव्या व्यवस्थेतला पहिला मानकरी 'द ब्रॉडवे मेलडी' हा एमजीएमचा संगीतपट. सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा हा पहिला बोलपट. त्याला दुसरे एकही ऑस्कर मिळाले नाही. म्हणजे दिग्दर्शन सर्वोत्तम नाही, अभिनय सर्वोत्तम नाही, पण सगळ्याची बेरीज मात्र सर्वोत्तम. हे गणित अकादमीला इतके पटले की तिने ते आणखी दोनदा सोडवून दाखवले. 'ग्रँड हॉटेल'ला तर या एका पुरस्काराखेरीज दुसरे नामांकनही नव्हते. 'म्युटिनी ऑन द बाउंटी'चे क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रँशो टोन असे तीन नायक सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या एकाच स्पर्धेत उतरले आणि तिघेही हरले. चित्रपट तेवढा जिंकला.

१९३१ चा 'सिमॅरॉन' हा जाणकारांच्या कोणत्याही 'सर्वांत अपात्र' यादीत हमखास सापडतो. ओक्लाहोमातल्या जमिनींवर ताबा मिळवण्यासाठी हजारो माणसे घोडे आणि गाड्या दामटतात, हा त्याचा सुरुवातीचा प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. त्यानंतरचा चित्रपट मात्र तसा नाही. त्या वर्षी चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ला एकही नामांकन मिळाले नाही. असे असूनही 'सिमॅरॉन'वरून कोणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही, कारण तो पाहिलेला माणूस भेटणेच कठीण. वाद घालायला निदान एका बाजूने तरी चित्रपट पाहिलेला असावा लागतो. दोन्ही बाजूंनी पाहिलेला असावा, अशी अट मात्र कधीच नव्हती.

या शास्त्राचा मूळ सिद्धान्त १९४१ च्या निकालाने घालून दिला. विजेत्याची अपात्रता त्याच्या स्वतःच्या दोषांवर ठरत नाही. त्याने कोणाला हरवले यावर ठरते. जॉन फोर्डचा 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' हा वेल्समधल्या खाणकामगार कुटुंबाचा चित्रपट मुळीच वाईट नाही. युद्धामुळे वेल्सला जाता येईना, तर कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांत निर्मात्यांनी अख्खे खाणकामगारांचे गाव उभे केले. दुसऱ्या कोणत्याही वर्षी हा चित्रपट सन्मानाने जिंकला असता आणि सन्मानाने विसरलाही गेला असता. पण त्याच्यासमोर 'सिटिझन केन' होता. पंचविशीतल्या ऑर्सन वेल्सने वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यावर बेतलेली व्यक्तिरेखा उभी केली, हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटावर बहिष्कार टाकला आणि नऊ नामांकनांपैकी पटकथेचे एक ऑस्कर पदरात पडले. तेव्हापासून 'व्हॅली'ची ओळख एकच: केनला हरवणारा. बिचाऱ्या खाणकामगारांनी हर्स्टचे वर्तमानपत्र कधी हातातही धरले नसेल.

निर्विवाद अपात्रतेचा मान मात्र १९५२ च्या 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ'कडे जातो. निदान त्यावर तरी दोन्ही पक्षांचे एकमत होऊ शकते. सेसिल बी. डिमिल यांचा हा अडीच तासांचा सर्कसपट. खरी रिंगलिंग ब्रदर्स सर्कस, खरे हत्ती, खऱ्या कसरती आणि त्यांना जोडणारी अत्यंत खोटी गोष्ट. जेम्स स्टुअर्टसारखा नट सगळा चित्रपटभर विदूषकाचा रंग तोंडाला फासून वावरतो, कारण तो पोलिसांना चुकवणारा डॉक्टर असतो. डॉक्टरने लपायला सर्कस निवडावी आणि रोज हजारो लोकांसमोर उभे राहावे, ही युक्ती पटकथेतल्या कोणालाही संशयास्पद वाटत नाही. शेवटी सर्कशीची रेल्वेगाडी कोसळते आणि डॉक्टर कामी येतो. या चित्रपटाने हरवले ते 'हाय नून'ला. त्याचे पटकथाकार कार्ल फोरमन कम्युनिस्टविरोधी चौकशीच्या तडाख्यात सापडले होते आणि त्यांना हॉलिवूडमध्ये काम मिळणे बंद झाले होते. अशा चित्रपटाला मत देण्यापेक्षा हत्तीला मत देणे त्या काळात सुरक्षित होते. शिवाय एकाहत्तर वर्षांच्या डिमिल यांना हा पुरस्कार तोवर मिळालेला नव्हता. त्याच वर्षीच्या 'सिंगिंग इन द रेन'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे साधे नामांकनही मिळाले नाही, हे सांगितल्यावर समोरचा माणूस बराच वेळ काही बोलत नाही.

'ग्रेटेस्ट शो'च्या बाजूने एकच साक्षीदार उभा राहतो, पण तो वजनदार आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट हाच. त्यातला रेल्वेचा अपघात डोक्यात बसला, म्हणून त्या मुलाने खेळण्यातल्या गाड्यांची टक्कर कॅमेऱ्यात पकडली. 'द फेबलमन्स'मध्ये ते सगळे आले आहे. तेव्हा डिमिलना दिलेले ऑस्कर वाया गेले नाही असे म्हणता येते. फक्त ते पोहोचायला उशीर झाला.

१९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'बद्दल भारतीय वाचकाला वेगळी तक्रार करण्याचा हक्क आहे. ज्यूल व्हर्नच्या मूळ कादंबरीतली औदा ही मुंबईच्या धनाढ्य पारशी घराण्यातली मुलगी. तिचे लग्न बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लावलेले असते आणि तो मेल्यावर तिला सती जायला लावतात. पारशी घरातली मुलगी चितेवर चढवताना व्हर्नने मुंबईत कोणाला विचारले नसावे. चित्रपटाने आणखी पुढे मजल मारली आणि औदाच्या भूमिकेत शर्ली मॅक्लेनला उभे केले, जिचा जन्म व्हर्जिनियातला. कादंबरीत नसलेला उडता फुगा घातला तो वेगळाच. डझनावारी नामवंत नट क्षणभर तोंड दाखवून जातात, त्यामुळे प्रेक्षकाचा अर्धा वेळ 'हा तोच ना?' यात जातो. फोर्डच्या 'द सर्चर्स'ला त्या वर्षी एकही नामांकन नव्हते. १९४१ चा हिशेब नियतीने असा चुकता केला.

'गांधी'च्या बाबतीत प्रकरण नाजूक होते. १९८२ च्या या चित्रपटाने आठ ऑस्कर जिंकली आणि स्पीलबर्गच्या 'ई.टी.'ला हरवले. अमेरिकेत हा निकाल अपात्रांच्या यादीत अधूनमधून डोकावतो, आणि ई.टी. जिंकायला हवा होता, असे म्हणणाऱ्यांत दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो स्वतः होते. विजेत्यानेच विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र घेतल्याचे असे उदाहरण विरळा. महाराष्ट्रात मात्र ई.टी.ची बाजू घेणारा मनुष्य अजून पुढे आलेला नाही. येथली तक्रार अशी की कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, तरी ऑस्करचे नामांकनसुद्धा नाही. त्यावर तोड म्हणून कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे नाव येते. जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय विजेत्या. ज्या नायकाचे कपडे चित्रपटभर कमी कमी होत जातात त्याच्या वेशभूषेला पुरस्कार कशाला, असे विचारणाऱ्याने अंत्ययात्रेतल्या सुमारे तीन लाख माणसांकडे एकदा पाहावे.

मोटार चालवण्याच्या चित्रपटांचे एक स्वतंत्र प्रकरण करावे लागते. १९८९ मध्ये 'ड्रायव्हिंग मिस डेझी' जिंकला. त्यात काळा चालक गोऱ्या बाईला फिरवतो. स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग'ला सर्वोच्च नामांकनही नव्हते. २०१८ मध्ये 'ग्रीन बुक' जिंकला. त्यात गोरा चालक काळ्या पियानोवादकाला फिरवतो. एकोणतीस वर्षांत हॉलिवूडने माणसांच्या जागा बदलल्या, गाडी तीच ठेवली. या वेळी ली यांचा 'ब्लॅकक्लॅन्समन' स्पर्धेत होता आणि हरला. कोणी कोणाची गाडी चालवली की आपण हरतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, ते निव्वळ वस्तुस्थितीचे कथन होते. 'ग्रीन बुक'च्या लेखकांत त्या चालकाचाच मुलगा होता, आणि पियानोवादक डॉन शर्ली यांच्या कुटुंबीयांनी चित्रपटातल्या चित्रणावर आक्षेप घेतला होता.

१९९८ चा 'शेक्सपियर इन लव्ह' हा निर्मात्याच्या प्रचारतंत्राचा बळी. पुढे लैंगिक गुन्ह्यांबद्दल तुरुंगात गेलेले हार्वी वाइनस्टीन यांनी मतांसाठी अशी मोहीम चालवली की 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चे सैनिक नॉर्मंडी जिंकूनही लॉस एंजेलिसला हरले. खरे तर टॉम स्टॉपार्ड यांचा हात लागलेली ही पटकथा आजही खुसखुशीत आहे, आणि शत्रूच्या तोफांपेक्षा तिला निर्मात्याची बदनामी जास्त भोवली. ज्युडी डेंचने त्यात जेमतेम आठ मिनिटांच्या वावरावर सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नेले.

'क्रॅश'चा उल्लेख टाळता येत नाही. ५ मार्च २००६ रोजी जॅक निकल्सनने पाकीट उघडले, नाव वाचले आणि स्वतःच चकित झाल्याचा चेहरा केला. सगळ्यांनी 'ब्रोकबॅक माउंटन' गृहीत धरला होता. लॉस एंजेलिसमधली माणसे एकमेकांवर आदळून वंशवादाविषयी बोलतात, हा 'क्रॅश'चा विषय, आणि मत देणारे बहुतेक त्याच शहरात राहणारे. पुढे २०१५ मध्ये 'हॉलिवूड रिपोर्टर'ने अकादमीच्या सदस्यांना जुन्या निकालांवर पुन्हा मत द्यायला लावले तेव्हा 'ब्रोकबॅक' जिंकला. 'क्रॅश'चे दिग्दर्शक पॉल हॅगिस यांनीही आपला चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्तम नव्हता असे सांगून टाकले. अशी कबुली त्यांनी आभाराच्या भाषणात द्यावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

'स्लमडॉग मिलियनेअर'ने २००८ सालची आठ ऑस्कर नेली आणि मुंबईत घरोघरी दोन तट पडले. एका तटाला अभिमान वाटला, दुसऱ्याला दारिद्र्याचे प्रदर्शन दिसले. बऱ्याच घरांत हे दोन्ही तट एकाच माणसात होते. झोपडपट्टीत हिंदी बोलणारा नायक जमाल ताजमहालापाशी पोहोचताच अस्खलित इंग्रजी बोलू लागतो, हा चमत्कार इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही साधलेला नाही. 'जय हो' हे रहमानचे सर्वोत्तम गाणे नव्हे, यावर मात्र दोन्ही तट एक झाले.

त्या वर्षीच्या नामांकनांचा परिणाम भलतीकडेच झाला. त्या वर्षी 'द डार्क नाइट'ला नामांकन न मिळाल्याने ओरड झाली, आणि पुढच्या वर्षीपासून पाचाऐवजी दहा चित्रपटांना नामांकन देण्याचे ठरले. दहांत मते फुटून थोडक्या मतांवर कोणीही निवडून येईल, या भीतीने पसंतीक्रमाची पद्धत आणली गेली. सदस्य चित्रपटांना क्रम देतात. तळाचा चित्रपट बाद होतो, त्याची मते मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला जातात, आणि कोणाला तरी निम्म्यांहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालते. यात ज्याच्यावर काही जण जीव टाकतात आणि बाकीचे दात-ओठ खातात, तो चित्रपट मागे पडतो. पंगतीतल्या वरण-भातासारखा, कोणी आवर्जून मागत नाही पण कोणी नकोही म्हणत नाही, असा चित्रपट पुढे सरकतो. 'ग्रीन बुक'चे कोडे बरेचसे येथे सुटते.

वाद घालणाऱ्यांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. त्यांतला सर्वांत चिवट प्रकार 'पुरस्कारांना काही अर्थ नसतो' या वाक्याने सुरुवात करतो आणि मग दोन तास पुरस्कारांवर बोलतो. 'शॉशँक रिडेम्प्शन'ला सात नामांकने आणि शून्य ऑस्कर हे त्याला तोंडपाठ असते. १९९४ साली 'शॉशँक'ला हरवणारा 'फॉरेस्ट गंप' पाहून तो डोळे पुसत बाहेर आला होता, हे तो सांगत नाही.

अपात्र विजेत्याकडून सर्वोच्च पुरस्कार तिथल्या तिथे परत घेतल्याचा प्रसंग एकदाच घडला. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी वॉरन बेटी आणि फे डनवे यांच्या हाती अभिनेत्रीच्या पुरस्काराचे दुसरे पाकीट पडले आणि 'ला ला लँड'चे नाव पुकारले गेले. निर्मात्यांची आभाराची भाषणे रंगात आली असताना खरा विजेता 'मूनलाइट' असल्याचे कळले. नव्वद वर्षांच्या तक्रारींची अकादमीने एवढ्या तातडीने दखल घेतल्याचे दुसरे उदाहरण नाही, आणि तेही पाकिटाच्या चुकीमुळे.

अलीकडची सुधारणा एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाली. अठ्ठ्याण्णवाव्या पुरस्कारांपासून अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल, तर सदस्याने त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. तोवर अशी सर्वसाधारण सक्ती नव्हती. अकादमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सदस्याने काय पाहिले याची नोंद आपोआप राहते. महोत्सवात किंवा चित्रपटगृहात पाहिला असेल, तर कधी आणि कुठे पाहिला हे लिहून द्यावे लागते. पाहताना झोप लागल्यास काय करावे, याविषयी नियमात काही नाही.