कोणत्या गावचे पाव्हणे?

शेवगावच्या एस.टी. स्टँडवर अनोळखी माणूस उतरला, की चहाला उकळी फुटायच्या आत त्याचा पंचनामा पूर्ण होतो. गाव कोणतं, आडनाव काय, कोणाकडं निघालात, पोरं काय करतात, जमीन बागायत का जिरायत, आणि बोधेगावचे अमके तुमचे कोण. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला मामेसासऱ्याच्या साडूपाशी कुठं तरी धागा सापडतोच. मग चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडण होतं आणि ओळख पक्की होते. जिनिंगमध्ये दिवाणजीगिरी करण्यात माझा जन्म गेला. काट्यावर गाडी लागली की आधी गाडीवाला जोखायचा आणि मग कापूस, ही आमची रीत.

असा मी फिनलंडातल्या तांपेरे या गावी जाऊन पडलो, आणि तिथं मला कोणी काही विचारीच ना.

पोरगं तिथं इंजिनिअर आहे. त्याच्या घराजवळच्या बसथांब्यावर पहिल्या सकाळी एक गृहस्थ उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते दोन पावलं सरकले. माझ्यासाठी जागा करताहेत, असं समजून मीही दोन पावलं सरकलो. असं करत करत ते शेडच्या बाहेर पावसात गेले. मला वाईट वाटलं. शेडमध्ये जागा असून भिजताहेत, म्हणून सांगायला मीही बाहेर गेलो. बस आली तेव्हा आम्ही दोघंही ओलेचिंब होतो आणि शेड कोरडी होती. बसमध्ये प्रत्येक बाकावर एकेक माणूस खिडकीशी बसलेला, शेजारची जागा रिकामी. आमच्याकडं तेवढ्या जागेत तिघं, एक पिशवी आणि एक शेळीचं करडू मावतं.

नवल म्हणजे याच माणसांनी सगळ्या जगाला बोलायला लावलं. नोकिया नावाचं गाव तांपेरेपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. 1865 साली तांपेरेच्या धबधब्याच्या पाण्यावर कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून नोकिया कंपनी सुरू झाली. पुढं याच नावानं रबरी बूट निघाले, संडासातला कागद निघाला आणि शेवटी फोन. त्यातला टॉर्चवाला अकराशे नंबरचा फोन शेवगाव तालुक्यात कोणी वापरला नसेल असं घर नाही. रात्री दोनला लाइट आली, की त्याच्या उजेडात आम्ही विहिरीवरच्या मोटारी चालू करायचो. पडला तरी फुटायचा नाही, विहिरीत पडला तरच गेला म्हणायचा. त्या कंपनीच्या जन्मगावी आल्यावर कोणाशी तरी याबद्दल चार शब्द बोलावेत, अशी इच्छा होती. बसमध्ये एकाला फोन दाखवलासुद्धा. त्यानं मान हलवली आणि पुढच्या थांब्यावर उतरला. ते त्याचंच उतरण्याचं ठिकाण असेल, असं पोरगं म्हणतं.

तांपेरे दोन तळ्यांच्या मधल्या पट्टीवर वसलंय. वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात पाणी धो धो पडतं आणि गावाच्या मधून जातं. या पाण्यावर जेम्स फिनलेसन नावाच्या स्कॉटिश माणसानं 1820 साली कारखाना काढला आणि त्याची कापडगिरणी झाली. बोंड म्हणजे काय हे ज्या मातीला ठाऊक नाही, तिथं त्यांनी बाहेरून कापूस आणून एवढी सूतगिरणी चालवली, की गावाला फिनलंडचं मँचेस्टर म्हणू लागले. 1882 साली विणकाम खात्यात विजेचे दिवे लागले. गिरणी आता बंद. लाल विटांच्या त्या इमारतींत कचेऱ्या, खाणावळी आणि सिनेमागृह. मी विटांना हात लावून उभा राहिलो. सरकी कुठं ठेवत असतील, हे विचारायला माणूस शोधत होतो. भिंतीवर पाटी होती, तिच्यावर सगळं लिहिलेलं होतं. या देशात जे म्हणून विचारावं, ते आधीच कुठं तरी लिहून ठेवलेलं असतं. गप्पांना जागाच नाही.

आमच्या मंडळींचं मात्र दुसऱ्या दिवसापासूनच जमलं. परदेशात कागदाचं राज्य असतं असं ऐकून तिनं बॅगेत तांब्या घेतला होता. नगरच्या पोरींनी घाबरवलं होतं तिला. इथं संडासात पाहते तो वॉशबेसिनला लांब नळी आणि नळीला पाण्याची पिचकारी! फिनलंडात घरोघर ही सोय असते. तांब्या तसाच परत बॅगेत गेला आणि फिनलंड तिच्या मर्जीत बसलं. मग स्वयंपाकघरातल्या सिंकवरचं कपाट उघडलं तर आत तळ नसलेल्या जाळ्या. धुतलेली भांडी वर ठेवा, पाणी खाली सिंकमध्ये, दार लावून घ्या. "हे बाईनंच काढलेलं असणार," असं ती म्हणाली. पोरानं शोधून सांगितलं, की 1940च्या दशकात मैयू गेबहार्ड नावाच्या बाईंनीच हे कपाट प्रचारात आणलं. भांडी पुसण्यात बायकांचा किती वेळ जातो याचा हिशेब मांडून. आमच्या घरात तेव्हापासून या बाईंचं नाव सासूबाईंच्या वर आहे.

तिची अडचण एकच झाली, दिवेलागणीची. जुलैत सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो आणि चारच्या आसपास पुन्हा हजर. देवापाशी दिवा लावायचा कधी? अकरापर्यंत देवाला ताटकळत ठेवायचं तर आपण झोपायचं कधी? तिनं तोडगा काढला : देव शेवगावचे, तेव्हा घड्याळ शेवगावचं. शेवगावात सात वाजतात तेव्हा तांपेरेत साडेचार. भर उन्हात ती समई लावू लागली आणि "शुभंकरोति" म्हणून झाल्यावर आम्ही बागेत फिरायला जात असू.

फिरताना तिला आणखी एक उद्योग सापडला. तिथं पेयाचा रिकामा डबा दुकानातल्या यंत्रात टाकला, की पंधरा सेंट परत मिळतात, म्हणजे आपले पंधराएक रुपये. बाटलीला आकाराप्रमाणं कमी-जास्त. बागेतल्या बाकाखाली डबा दिसला की ती थबकायची. पोरगं म्हणायचं, "आई, लोक काय म्हणतील?" पण लोक काही म्हणतच नाहीत, हेच तर माझं दुखणं. यंत्रानंसुद्धा एवढी बीअर कोणी प्यायली म्हणून विचारलं नाही. चिठ्ठी दिली आणि गप्प.

जंगलात तर कहर. कोणाच्याही मालकीचं जंगल असो, तिथं हिंडायचा आणि रानातली फळं, आळंबी खुडायचा हक्क फिनलंडात सगळ्यांना आहे. लोकांचं अंगण आणि पेरलेलं शेत तेवढं सोडायचं. मला वाटलं पोरगं थापा मारतंय. आमच्याकडं वीतभर बांधापायी दोन पिढ्या तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. जंगलात निळ्या बोरांचा सडा पडलेला. मी दोन खुडायचो आणि मालक ओरडतोय का म्हणून कानोसा घ्यायचो. कोणी ओरडेना. ओरडण्यावाचून खाल्लेल्या फळाला चव कशी ती येईना. शेवटी एक म्हातारी टोपली घेऊन समोरून आली. मी घाईनं हात मागं लपवले. तिनं माझ्याकडं पाहिलं, थोडं आत झाडीकडं बोट दाखवलं आणि निघून गेली. तिकडं जास्त होती.

बोलत नाहीत, तर मग ही माणसं करतात काय? कॉफी पितात. माणशी वर्षाला दहा किलोच्या वर कॉफी लागते, जगात सगळ्यात वरच्या रांगेत. कामगारांच्या करारांत कॉफीची सुट्टी लिहिलेली असते. पोराच्या शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावलं, काळीभोर बिनसाखरेची कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला आणि मग चौघंही कपाकडं बघत बसले. मी घाबरून स्वतःच स्वतःला प्रश्न विचारायला सुरुवात केली. "आमच्याकडं जमीन? आहे ना, साडेचार एकर." त्यांनी मान डोलावली. निघताना पोरगं म्हणालं, "आबा, त्यांना फार आवडलं. एरवी ते एवढे मोकळे होत नाहीत."

त्याच घरी एक काळी गोळी खायला दिली, सालमियाक्की. तोंडात टाकली आणि डोळ्यांसमोर गल्लीतला कल्हईवाला उभा राहिला. तीत नवसागरच असतो! तांब्याच्या हंड्यावर टाकला की पांढरा धूर निघतो, तोच. त्या देशाची लहान मुलं हा नवसागर आवडीनं चघळतात. माझ्या दातांना त्या दिवशी चकाकी आल्याचं हिचं म्हणणं आहे.

आणि हा देश म्हणे जगात सगळ्यात सुखी. 2018 पासून आनंदाच्या जागतिक यादीत पहिला नंबर सोडलेला नाही. मी बाजारात, ट्राममध्ये, तळ्याकाठी त्या आनंदाचा शोध घेतला. चेहऱ्यावर कुठं दिसेना. पोरानं समजावलं, की यादी करणारे हसणं मोजत नाहीत. ते माणसाला सांगतात, शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी समजा, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे ते सांगा. हे लोक विचार करून खरं ते सांगतात. शेवगावात असा माणूस आला तर त्याला कोणी पायरी सांगणार नाही. आधी विचारतील, "कोणत्या योजनेचं आहे? दारिद्र्यरेषेखाली किती पायऱ्या लागतात?"

शेवटी पोरालाच माझी दया आली. म्हणालं, "आबा, या लोकांना बोलताना ऐकायचं तर सौनात चला." छप्पन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात तीस लाख सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायच्या खोल्या, आहेत. घरात, इमारतीच्या तळघरात, संसदेतसुद्धा. युनेस्कोनं 2020 साली सौनाला जगाच्या वारशात घेतलं. आम्ही गेलो पिस्पाला भागातल्या राजापोर्ती नावाच्या सौनात. 1906 पासून चालू आहे, सार्वजनिक सौनांत देशातला सगळ्यात जुना. बायका एकीकडं, पुरुष दुसरीकडं. आत पाहिलं तर पुरुष जन्माला आले तसेच बसलेले. मी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सोडली नाही. गावाची अब्रू होती.

मी तडक सगळ्यात वरच्या बाकावर चढलो. शेवगावचा उन्हाळा काढलेला माणूस खाली कशाला बसतो? मग एका म्हाताऱ्यानं लांब दांड्याच्या डावानं तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ छताला लागून वळली आणि कानांना येऊन डसली. शेजारच्या तरुणानं बर्चच्या डहाळ्यांची जुडी उचलून स्वतःच्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. आमच्याकडं भगत लिंबाच्या पाल्यानं झाडतो तसा, फक्त इथं भूत आणि भगत एकच.

आणि खरोखरच माणसं बोलत होती! कोणाचा गुडघा, कोणाची होडी, हॉकीच्या संघाचं काय चुकलं. कपडे काढल्यावर यांची जीभ सुटते. म्हाताऱ्यानं माझ्याकडं मान वळवली आणि पोरामार्फत विचारलं,

"कुठले?"

मला भरून आलं. मी शेवगावपासून सुरू केलं, नाथसागर सांगितला, पैठण सांगितलं, घोटणचं देऊळ सांगितलं. पोरगं भाषांतर करता करता लाल झालं. म्हातारा म्हणाला, "तिकडं ऊन किती?"

"मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस."

तो खुशीत आला. "छान. जरा मंद आहे, पण छान. सौना घरचाच?"

"सौना नाही हो. अंगणात असतं."

सगळा बाक वळून माझ्याकडं पाहू लागला. त्यानं बराच वेळ विचार केला. ज्या देशात एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तळी आहेत, तिथल्या माणसाला जो प्रश्न पडायचा तोच त्याला पडला.

"मग पाणी कोण टाकतं?"

मी पोराला म्हटलं, "सांग त्यांना, आठ दिवसांआड नळाला येतं. मोटार लावली तर टाकीपर्यंत चढतं."

हे ऐकल्यावर म्हाताऱ्यानं उठून डाव माझ्या हातात दिला. मान पाव्हण्याचा. मी बादलीतून डाव भरला, सवयीनं अर्धं पाणी परत बादलीत ओतलं आणि उरलेलं दगडांवर टाकलं. वरून कोणी तरी मोठ्यानं काही तरी म्हणालं आणि सगळे हसले.

"काय म्हणतोय रे?"

"कंजूष म्हणतोय, आबा."