इथंच? काऊन जी?

जून लागला की कुही तालुक्यात पेरणीच्या आधी कॉलेजांचं पीक येतं. बसस्टँड असो, चहाचा ठेला असो की मांढळचा बाजार, विषय एकच. "तुमच्या पोट्ट्याचं कुठं झालं जी?" यावर कोणी "इथंच" म्हटलं की संपलं! समोरचा घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करतो. "इथंच? काऊन? मार्क कमी पडले का?"

आता सांगा, काय बोलावं? मांढळच्या लेमदेव पाटील महाविद्यालयात बीए करा, नाहीतर नागपुरात १८८३ च्या हिस्लॉप कॉलेजात किंवा १८८५ च्या मॉरिसमध्ये, पदवी शेवटी नागपूर विद्यापीठाचीच ना? मॉरिसची पाटी बदलून वसंतराव नाईकांचं नाव लागलं, तरी लोक मॉरिसच म्हणतात. तोंडाला चव आहे त्या नावाची! सोयरीक जुळवताना पदवी विचारतंय कोण? "मॉरिसचा आहे" म्हटलं की बायोडेटाला तुपाची धार. मग रोज नागपूरला अपडाऊन करा, एसटीत लोंबकळा, निम्मं डोकं बसमध्येच विसरून या. कॉलेज तर मोठं आहे ना!

खरी गंमत पुढंच. आपली पोरं नागपूरला पळतात आणि नागपूरच्या पोरांची नावं खेड्यातल्या ज्युनियर कॉलेजांच्या पटावर! आधी शहरात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन, खेड्यात मोकळं रान होतं. मग क्लासवाल्यांनी गावच्या कॉलेजांशी टाय-अप केले. पोरगं शहरात नीट-जेईई घोटणार, गावात फक्त प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवणार. २०२५ पासून राज्यभर प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हा आपण किती हळहळलो! एवढी बहारदार चोरी, आणि तिच्यातही सरकारनं नाक खुपसावं?

आणि आता हे लिबरल आर्ट्स. पुण्याजवळ फ्लेम विद्यापीठ, तिकडं सोनीपतला २०१४ पासून अशोका. फी विचारू नका, शेत आठवतं. एवढ्या पैशात मिळतं काय? वर्गात मोजकी पोरं, मास्तर प्रत्येकाला नावानं ओळखतो, अर्थशास्त्राला नाटकाची जोड. अहो, मोजकी पोरं तर गावच्या बीएच्या वर्गातही असतात! मास्तरला पोराचं नावच काय, बापाचं कर्जही ठाऊक असतं. पण तिथं तो 'पर्सनल अटेन्शन', आणि इथं काय? "वर्ग ओस पडला बापा!" त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीच विषयांची जोड 'मेजर-मायनर' म्हणून गावच्या कॉलेजातही आणून सोडली. फुकट दाराशी आली म्हटल्यावर तिला विचारतंय कोण?

सगळ्यात कडक मंडळी म्हणजे बाटलेली. पंधरा ऑगस्टला माईकवरून "गावातच शिका, गाव मोठं करा" म्हणून घसा फोडणारे गुरुजी पाहिलेत? जुलैत तेच पुण्यात होस्टेलच्या रांगेत, हातात गादीची वळकटी. विचारलं तर म्हणाले, "पोरीचा हट्ट हो!" पोरगी बाजूला चकित. तिला तर इथंच मैत्रिणींसोबत राहायचं होतं.

आपण हसलो, मनसोक्त हसलो. मग रात्री जेवणं आटोपल्यावर, बायको झोपली असं पाहून, पांघरुणात मोबाईल धरून कटऑफ कोणी पाहिला? आपणच. नातू अजून बालवाडीत आहे, हा भाग वेगळा. बायकोही झोपलेली नव्हती. तिनं तोवर पुण्यातल्या खोल्यांचं भाडं काढून ठेवलं होतं.