लंडन ते सिडनी, व्हाया मुंबई

1968 ची लंडन-सिडनी मॅरेथॉन ही सुमारे 16,000 किलोमीटरची मोटार रॅली एका दुपारच्या जेवणात जन्माला आली. 1967 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि सगळा देश तोंड पाडून बसला. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चे मालक सर मॅक्स एटकेन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर जेवता जेवता त्यावर उतारा शोधला. ब्रिटिश मोटारी वाईटातल्या वाईट रस्त्यांवरून अर्धी पृथ्वी पालथी घालतील, वाटेतले देश त्या बघून हरखतील, धडाधड गाड्या मागवतील आणि पौंडाची अब्रू राहील. यातले वाईट रस्त्यांचे कलम तेवढे तंतोतंत पाळले गेले. पहिले बक्षीस 10,000 पौंडांचे ठरले.

या रॅलीत गुण मिळवायचे नव्हते, दोषांक टाळायचे होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी नाका, तिथे पोहोचण्याची वेळ ठरलेली. एक मिनिट उशीर झाला की एक दोषांक. गाडी वेगवान असून भागत नव्हते. टायर फुटला, वाट चुकली किंवा सीमेवरच्या अधिकाऱ्याला पासपोर्टवरचा फोटो पटला नाही, तरी घड्याळ चालूच. थोडक्यात, ज्याच्या प्रवासवर्णनात सांगण्यासारखे काही नाही, तोच इथे जिंकणार होता.

24 नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 98 गाड्या निघाल्या. त्यांत कारखान्यांनी तयार केलेल्या पोर्शे, सिट्रोएन, फोर्ड होत्या, तशीच 1930 सालची एक अवाढव्य बेंटलीही होती. प्रत्येक गाडीत दोघे-तिघे. एकाने चालवायचे, एकाने नकाशा वाचायचा आणि उरलेल्याने हेल्मेट आपटून घेत झोपायचे. अनेक गाड्यांच्या नाकासमोर कांगारूंपासून बचावासाठी जाडजूड लोखंडी गज बसवलेले होते. कांगारूंचा मुलुख यायला तीन आठवडे अवकाश होता. तोवर ते गज पॅरिसकरांनी पाहून घेतले.

युरोप डांबरी असल्यामुळे फारसे काही न घडता संपला. खरी रॅली तुर्कस्तानात, सिवास ते एर्झिंजान या टप्प्यावर सुरू झाली. तिथे दोन वाटा होत्या : एक लांबची पण बरी, दुसरी जवळची पण डोंगरातली, खडीची. वेळ मात्र एकच, पावणेतीन तास. ब्रिटनचा रॉजर क्लार्क जवळच्या वाटेने फोर्ड कॉर्टिना घेऊन सुटला आणि त्याचे इथे बऱ्याच जणांपेक्षा कमी नुकसान झाले.

अफगाणिस्तानात काबूलहून सरोबीला जायला चांगला नवा रस्ता झालेला होता. म्हणून संयोजकांनी गाड्या जुन्या रस्त्याने, लताबंद खिंडीतून पाठवल्या. दगडधोंडे, धूळ, कडेला दरी आणि हाताशी एक तास. त्याआधी काबूलमध्ये काही तासांची सक्तीची विश्रांती होती. स्पर्धकांची दया आली म्हणून नव्हे; खैबर खिंड दिवसाउजेडीच ओलांडायची होती.

भारतात रस्ता बरा निघाला, पण दिसेना. तो माणसांखाली होता. गाड्या पाहायला गावेच्या गावे रस्त्यावर उतरली होती. गर्दीतून जेमतेम गाडीच्या रुंदीची फट उरे आणि तिच्यातून ताशी शंभराच्या वेगाने जाण्याचे धैर्य लागे, चालवणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही. दिल्ली ते मुंबई हा ग्वाल्हेर-इंदूरमार्गे जवळजवळ 1,400 किलोमीटरचा टप्पा, त्याला तेवीस तासही पुरते नव्हते. मुंबईला ‘चुसान’ हे जहाज उभे होते. त्यावर पहिल्या 70 गाड्या न्यायचे ठरले होते, पोहोचल्या 72. दोन गाड्यांना धक्क्यावरून निरोप देणे बरे दिसले नसते, तेव्हा सगळ्या चढवल्या. मुंबईअखेर क्लार्क आघाडीवर होता. ऑस्ट्रेलियापर्यंतचा पुढचा सागरी टप्पा हा रॅलीतला सर्वांत शिस्तीचा टप्पा : सगळ्या गाड्या एकाच वेळी पोहोचल्या, दोषांक कोणालाही नाही.

पर्थहून सिडनीपर्यंतचे सुमारे 4,600 किलोमीटर जेमतेम तीन दिवसांत काटायचे होते. तिथल्या कच्च्या रस्त्यावर चाकांच्या माराने पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. हळू गेले तर प्रत्येक लाट दातांपर्यंत पोहोचते. वेग ताशी ऐंशीच्या पुढे नेला की चाके लाटांच्या माथ्यामाथ्यावरून जातात, हादरे कमी होतात आणि ब्रेकही तितकेच कमी लागतात. शिवाय खड्डे पिठूळ धुळीने काठोकाठ भरलेले. वरून रस्ता सपाट, पुढचे चाक आत गेल्यावर खोली कळते.

इथे क्लार्कचे इंजिन बिघडले. त्याच्याच संघाच्या दुसऱ्या कॉर्टिनाचे सुटे भाग काढून त्याला बसवण्यात आले. सहकाऱ्याची शर्यत तिथेच आटोपली. पुढे मागचा डिफरन्शियल गेला. तेव्हा वाटेत एक कॉर्टिना दिसली. मालकाची मनधरणी करून तिचा अख्खा मागचा आस काढून घेण्यात आला. त्या गृहस्थाचा रॅलीशी काही संबंध नव्हता, तो असा जडला. एवढे करून क्लार्क दहावा आला.

आघाडी आता लुसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांच्या सिट्रोएनकडे होती. बियांकीने त्याच वर्षी ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. सिडनी टप्प्यात आले असताना नाउराजवळ समोरून एक मिनी येऊन त्यांच्या गाडीवर आदळली आणि बियांकी जबर जखमी झाला. पाठोपाठ आलेल्या पॅडी हॉपकर्कच्या ऑस्टिनने शर्यत बाजूला ठेवून मदत केली; ती दुसरी आली.

17 डिसेंबरला पहिला ठरला स्कॉटलंडचा अँड्र्यू कॉवन. सोबत ब्रायन कॉइल आणि कॉलिन मॅल्किन. दोषांक 50, हॉपकर्कचे 56. गाडी होती हिलमन हंटर, म्हणजे कारकुनाने ऑफिसला न्यावी अशी चार दारांची घरगुती सेदान. वाटेत तेहरानमध्ये तिच्याकडे कोणी वळून पाहण्याचे कारण नव्हते. इराणात तीच गाडी ‘पेकान’ नावाने तयार होत होती. मॅरेथॉन संपवणाऱ्या 56 गाड्यांत तिच्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत कमी घडले होते.

ब्रिटिश गाडी जिंकल्याचा ब्रिटनला आनंद झाला. ती बनवणारी रूट्स कंपनी तोवर अमेरिकेच्या क्रायस्लरच्या हाती गेली होती, पण आनंदात असले तपशील कोणी काढत नाही. 1977 मध्ये लंडन-सिडनी रॅली पुन्हा झाली, आणखी लांबची. जिंकला पुन्हा कॉवनच, मात्र या वेळी मर्सिडीज चालवून.