हातच्याचे गुरुजी

धुळे-सोलापूर महामार्गावरचे तेरखेडा हे गाव उभ्या मुलखाला फटाक्यांसाठी ठाऊक असले, तरी ज्यांचे बालपण तेथे गेले त्यांच्या कानांत सुतळी बॉम्बहूनही अधिक काळ घुमत राहतो तो एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न : ‘हातचा कुठं गेला?’ असे गुरुजी मराठी मुलखात गावोगाव सापडतात. तेरखेड्याचे त्यांतले नमुनेदार, इतकेच.

सकाळी ओट्यावर बैठक मारून, शाळेच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक अर्भकास ते जकातनाक्यावरील कारकुनाच्या तत्परतेने अडवितात आणि एका बेरजेचा महसूल वसूल केल्यावाचून पुढे सोडीत नाहीत. इतरत्र दहा सुट्या काड्यांची जुडी बांधून दशक शिकवितात, त्या काड्या बहुधा आगपेटीच्या. तेरखेड्यात मात्र आगपेटी मुलांच्या हाती देण्याची छाती गुरुजींना झाली नाही, म्हणून त्यांचे दशक ज्वारीच्या चिपाडांचे.

परवा एका चिरंजिवांनी ४७८ आणि ३५६ यांची बेरीज मांडली. आठ नि सहा चौदा, लिहिले चौदा. सात नि पाच बारा, लिहिले बारा. चार नि तीन सात. आणि पाटीवर ७१२१४ ही संख्या दिमाखात अवतरली. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढविला. ‘अरे, पाचशेच्या आतल्या दोन रकमा, अन् झाले एकाहत्तर हजार? एवढी बरकत निजामाच्या खजिन्यालासुद्धा नव्हती, लेका!’ मग चौदा चिपाडांतली दहा बांधून ती जुडी दशकाच्या घरी पोचती झाली, तेथल्या तेरांतल्या दहांची मोठी मोळी शतकाच्या दारी गेली, आणि ८३४ ही नेमस्त संख्या उरली.

‘पण गुरुजी, हातात तर काहीच न्हाई. मग हातचा कसा?’ चिरंजिवांनी पृच्छा केली. या प्रश्नाचे उत्तर गुरुजींनी चाळीस वर्षे टाळले आहे. त्यांनी पाटी पुसून नवी बेरीज घातली.

त्यांचे खरे दुःख निराळे आहे. त्यांच्या लहानपणी बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण असल्यामुळे प्रत्येक घराचा हातचा स्वतंत्र बाण्याचा असे, आणि एका खरेदीच्या यादीत बारा, सोळा व चाळीस या तिन्ही उंबरठ्यांवर ठेच लागण्याची सोय होती. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला, मागाहून किलोग्रॅम आले, आणि, गुरुजींच्या मते, हातच्याची अब्रू गेली. ‘सगळीकडं दहाच! यात अक्कल ती कसली लागते?’ असे म्हणणारे गुरुजी त्याच दहाच्या हातच्यासाठी मुलांना तासभर उन्हात उभे करतात, ही विसंगती त्यांच्या निदर्शनास आणून देण्याचे धैर्य, माझ्यासकट, गावात कोणास झालेले नाही.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा तर ते दोन दिवस जेवले नाहीत, अशी आख्यायिका आहे. मुलांना जोडाक्षरांचा जाच चुकावा हा त्यातला हेतू मला रास्त वाटला होता. परंतु गुरुजींचा मुद्दाही अगदीच फुका नव्हे. आपण ‘बावीस’ म्हणतो तेव्हा जिभेवर आधी दोन येतात, मग वीस; बेरीजही आधी एककाची, मग दशकाची. ‘जीभ आपसूक उजवीकडनं चालू लागती, तिला डावीकडं कशाला वळवता?’ हे त्यांचे वचन मी टिपून ठेवले आहे.

दिवाळीच्या तोंडावर मात्र त्यांची मुद्रा प्रसन्न असते. तेव्हा ते ओट्यावर ९९९९ लिहून त्याखाली एकच १ मांडतात. ‘ही लड. हा एक म्हणजे वातीला लावलेला इस्तू.’ पोरे एककाचे शून्य करतात, हातचा पुढे सरकतो, तेथे शून्य, पुन्हा हातचा, पुन्हा शून्य. चारही नऊ धडाधड उडतात, आणि हातात उरलेला शेवटचा एक कोठे ठेवावा हे न कळून पोर गुरुजींकडे पाहते.

‘घर न्हाई त्याला, गुरुजी.’

‘मग बांध की!’ गुरुजी खडू पुढे करतात.