मुनीममामा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, असं सगळे सांगतात. आमच्या मामांनी ते मोजलेत. दोनदा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. "बेरीज वरून खाली केली की खालून वर करून बघावी," हे त्यांचं शास्त्र.

मामांनी चाळीस वर्षं लातुरात आडतीच्या दुकानात मुनीमकी केली. शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, की हिशेबपट्टी मामांच्या हातची. तूर इतके क्विंटल, भाव इतका, वजा हमाली, वजा तोलाई, वजा आडत, वजा कडता, बाकी देणे. दुकान सुटून सोळा वर्षं झाली, पण नजर पट्टीचीच राहिली. लग्नपत्रिका हातात दिली तरी मामा आधी तळाला बघतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा लोक पाणी आलं म्हणून बोलत होते. मामा बोलत होते ते वाघिणी दहा आणि लिटर पाच लाख, म्हणजे वाघिणीला पन्नास हजार, हे जुळतं का यावर. त्याच उन्हाळ्यात गल्लीत आलेलं पाच हजार लिटरचं टँकर त्यांनी घागरींनी मोजून साडेचार हजारांचं ठरवलं होतं. टँकरवाला नंतर त्या गल्लीत शिरताना हॉर्न वाजवत नसे.

बँक म्हणजे मामांच्या लेखी हैदराबाद बँक. ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, हे त्यांना ठाऊक आहे, मान्य नाही. "खातं माझं. मला कुणी इचारलं?"

अशा माणसाच्या हाती माझं क्रेडिट कार्डाचं बिल लागलं.

मी नांदेडला असतो. झालं होतं असं, की दिवाळीत एका कार्डावर फ्रिज, वॉशिंग मशीन आणि बायकोच्या माहेरची बोळवण असं सगळं एकदम बसवलं. पुढे दर महिन्याच्या बिलावर दोन आकडे यायचे: एकूण भरायचे, आणि किमान भरायचे. मी माणूस नम्र. किमान भरत गेलो. पन्नास हजार तुंबले. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे साडेसतराशे रुपये नुसतं व्याज. तेवढ्यात माझ्याच दुसऱ्या कार्डाच्या बँकेतून एका गोड आवाजाचा फोन आला. सगळी थकबाकी आमच्या कार्डावर आणा, बॅलन्स ट्रान्सफर करा, तीन महिने व्याज शून्य. "और प्रोसेसिंग फी आपके लिए वेव्ह कर दी है, सर." आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही माफ केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी 'यस' म्हणालो.

पुढच्या बिलात प्रोसेसिंग फी १,००० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १८० रुपये.

मामा त्या दिवशी बहिणीला, म्हणजे माझ्या आईला भेटायला आले होते. चहा होईपर्यंत वाचायला काही नव्हतं म्हणून त्यांनी ते बिल उचललं.

"भाचेबुवा, हे बॅलन्स ट्रान्सफर काय असतंय?"

मी समजावून सांगितलं. मामांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हणजे नवं-जुनं! एकाचं देणं दुसऱ्याकडून काढून फेडायचं. मग सरळ मराठीत सांग की. आन् हे हजार कशाचे?"

"जाऊ द्या मामा. एक महिन्याचं व्याज साडेसतराशे होतं. हजार-बाराशे गेले तरी आपला फायदाच आहे."

"भाव चांगला मिळाला म्हणून कुणी कडता जास्तीचा कापू देतंय का? फायदा येगळा, कपात येगळी."

त्याच बिलात शेहेचाळीस रुपये व्याजही होतं. ट्रान्सफरनंतर मी त्या कार्डावर किराणा घेतला होता, आणि मागची बाकी अंगावर असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी उत्साहाने म्हणालो, "मामा, हेही भांडू." मामांनी अटी-शर्तींचा कागद छापून मागवला, भिंगाखाली धरला, दुपारभर वाचला आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे लिहिलंय. हे द्यायचं. लिहिलेल्याशी भांडायचं नसतंय." शेहेचाळीस रुपये त्यांनी माझ्याकडून त्याच संध्याकाळी भरून घेतले. फी मात्र वहीत गेली: येणे ११८०.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही वजिराबादेतल्या शाखेत. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "कार्डाचं इथं काही नसतं. कस्टमर केअरला फोन करा."

मामा क्षणभर गप्प झाले. का, ते मला फार नंतर कळलं. मग म्हणाले, "पाटी तुमची, दुकान तुमचं, आन् माल तेवढा दुसऱ्याचा?"

फोन लावला. यंत्राने सांगितलं, मराठीसाठी अमुक दाबा. मामा यंत्राला म्हणाले, "नमस्कार. मी लातूरहून आलोय, सध्या नांदेडात हाय." यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. "ऐकू कमी येतंय वाटतं बाईला," म्हणत मामांनी पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी एक माणूस लागला तो हिंदीतला. मामांची हिंदी निजामाच्या मुलखातली. "भैया, हमकू इत्ताच बताव, ये हजार रुपे काय कू काटे?"

"सर, वो टर्म्स अँड कंडिशन्स में है. टू पर्सेंट."

"कागद में है, बराबर. लेकिन तुमारे आदमी ने फोन पे माफ बोल्या. अभी तुमारीच मशीन बोली ना, ये कॉल रिकॉर्ड हो रा म्हणून? तो वो दिन का बी हुआ हुइंगा. टेप निकालो. गवाह तुमाराच हय."

पलीकडे बराच वेळ संगीत वाजलं. मग तक्रार क्रमांक मिळाला. मामांनी तो वहीत लिहिला, उलटा वाचून ताडला आणि फोन ठेवताना यंत्राला राम राम केला.

आता इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. एका चकरेला अर्धा दिवस, रिक्षा, चहा; तिसऱ्या चकरेला भांडणाचा खर्च फीच्या पुढे जातो. मला वाटतं, असल्या फिया टिकून राहतात त्या याच गणितावर. पण गणित मांडणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, आणि मामा शहात्तर वर्षांचे आहेत.

मामा दर सोमवारी यायला लागले. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. कंडक्टरचं शून्य रुपयाचं तिकीट वहीत चिकटवायचं, पुढे लिहायचं: प्रवासखर्च ०. दशमी-चटणी घरची. शाखेत अकरा ते दोन पंख्याखाली बसायचं. तिसऱ्या सोमवारी ते पैसे काढायच्या स्लिपा भरून देऊ लागले. चौथ्या सोमवारी वॉचमनने पगाराची पावती दाखवून पीएफ बरोबर कापलाय का ते विचारलं. पाचव्या सोमवारी मामा आले नाहीत, तर काउंटरवरच्या पोराने मला फोन केला, "काकांची तब्येत बरी आहे ना?"

मॅनेजर बाई तरुण होत्या, बदलून आलेल्या. एकदा त्यांनी पर्समधून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. "काका, हे माझ्याकडून घ्या. पण तुम्ही एवढा त्रास घेऊ नका."

मामांना इतकं दुखावलेलं मी पाहिलं नव्हतं. "बाई, तुम्ही लेकीसारख्या. तुमच्या खिशातनं कामून? ज्या खात्यात नावे पडलंय त्याच खात्यात जमा पडाया पाहिजे. मला पैसे नको, नोंद पाहिजे."

दरम्यान मामांचा अभ्यास चालूच होता. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांची वेसण घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली, हे वाचून ते दिवसभर उदास होते. पण रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत, कार्डवाल्याला स्पष्ट न सांगितलेला आणि त्याने न मानलेला आकार लावू नये, असं सापडलं तेव्हा त्यांनी आईला शिरा करायला लावला. तीस दिवसांत बँकेने समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, अर्ज चंदीगडला पाठवता येतो आणि त्याला फी लागत नाही, असं मी सांगितलं.

"फुकट?" मामा भिंग शोधू लागले. "खाली बारीक काही लिहिलंय का बघ."

वडिलांची गोष्टही याच काळात पुन्हा पुन्हा यायची. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली द्या, सहा कलदार घ्या. वडील म्हणे पेठेत बट्टा मोजून द्यायचे, पण वर एक पैसा मागितला तर दुकानाच्या पायरीवर बसायचे. "पायरीवर बसणं आमच्या रक्तातच हाय," असं म्हणून मामा पंख्याखाली बसायचे.

एकतिसाव्या दिवशी लोकपालाच्या अर्जाची नक्कल मामांनी बाईंच्या टेबलावर ठेवली, माहितीसाठी, म्हणून. बारा दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. टेप निघाली होती की नुसता कंटाळा, देव जाणे. कार्डावर १,००० रुपये जमा.

शाखेत पेढे वाटले गेले. वॉचमनने आणले. मामांनी पेढा खाल्ला, चष्मा चढवला आणि मेसेज वाचला. वरून खाली. मग खालून वर.

"फीच खोटी ठरली, तर फीवरचा कर खरा कसा? एकशे ऐंशी राहिले."

काउंटरवरच्या पोराचा पेढा हातातच राहिला.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. लातूरची गाडी लागायची होती. मी म्हणालो, "मामा, आता सोडा. एकशे ऐंशी रुपयांसाठी कशाला?"

मामा बराच वेळ समोरच्या फलाटाकडे बघत राहिले. "आमच्या दुकानी एक शेतकरी आला होता. अहमदपूरकडचा. पट्टीत कडता जास्ती लागलाय म्हणून. लागला होता. मीच लिहिला होता, शेठनं सांगितला तसा. मी त्याला म्हणालो, कडत्याचं माझ्याकडं काही नसतं, शेठला इचारा. शेठ गावाला गेलेले. पुन्ना आला. पुन्ना तेच. तिसऱ्यांदा आला नाही."

"मग?"

"भाडं परवडत नसंल. तवा कुठं फुकट होती एसटी."

गाडी लागली. मामा चढले, खिडकीशी बसले, आधार कार्ड दाखवलं. कंडक्टरने मशीनमधून तिकीट काढून हातात दिलं. मामांनी ते उजेडाकडे धरलं आणि भिंगातून बघत राहिले, शून्य बरोबर आहे का ते.